बोडीकडची बाजू

दिव्यानी मेश्राम अकरा वर्षं भारताकडून खेळली, आणि या अकरा वर्षांत मैदानाची अर्धी बाजू तिनं जवळपास कोरीच ठेवली. आठ शतकं काढली, तीही उरलेल्या अर्ध्यात. इंग्लंडात एकशे एकतीस केल्या तेव्हा तिथला एक जाणता समालोचक म्हणाला होता, की हिचा कव्हर ड्राइव्ह पाहायला माणसानं तिकीट काढून यावं. इकडच्या पेपरांनी तिच्या संयमावर रकानेच्या रकाने लिहिले. लेग साइडला चेंडू उचलून मारायचा मोह ही मुलगी कशी आवरते, यावर एका सद्गृहस्थांनी शाळेत व्याख्यानही दिलं म्हणे.

मोह वगैरे काही नव्हता. तिकडे शिंगाडे होते.

त्याचं असं. पळसबोडी हे सिंदेवाही तालुक्यातलं दीडशे घरांचं गाव. एका अंगाला जंगल, दुसऱ्या अंगाला बोडी, म्हणजे लहानसं तळं. मधल्या बांधीतलं धान कापून झालं, की तिथं पोरापोरींचं क्रिकेट. आता जंगलाकडे पाठ करून उभं राहायची त्या गावात कोणाची रीत नाही. वाघ मागून येतो, हे पाळण्यातल्या लेकरालाही माहीत. त्यामुळे फलंदाजी एकाच टोकाकडून आणि उजव्याच हातानं: तोंड जंगलाकडे, पाठ, म्हणजे लेगची बाजू, बोडीकडे. डावखुरा जन्मला असता तरी गावानं त्याला उजवा करूनच सोडलं असतं. जंगलाकडे चेंडू गेला, तर तो आणायला तिघांनी मिळून टाळ्या वाजवत, बोंबा मारत जायचं. तिघं गोळा होईपर्यंत फलंदाजानं धावावं तितकं धावावं. दिव्यानीनं एकदा एका चेंडूवर अकरा काढल्या होत्या.

आणि बोडीत गेला तर आऊट. बॅट लगेच दुसऱ्याच्या हातात. कारण बोडीत तिच्या बाबांचे, मुखरू मेश्रामांचे शिंगाडे. पाण्यावर हिरवे वेल पसरलेले, आणि चेंडूमागे पोरं पाण्यात उतरली की वेलांचा सत्यानाश. मुखरू बोडीच्या पारीवर, काठाच्या बांधावर, बसून जाळं विणत असे. दिव्यानीच्या पाठीमागे बरोबर.

सात वर्षांची असल्यापासून सोळाव्या वर्षापर्यंत ती या बांधीत खेळली. चेंडू टाकायला थोरली बहीण रंजीता, जिला ती बाई म्हणायची. मग तालुक्याच्या शाळेत खेळाचे सर गुणवंतराव यांनी तिचा एक ड्राइव्ह पाहिला, दुसरा पाहिला, आणि तिसऱ्याला छत्री मिटवून ते मैदानात आले. पुढच्या रविवारी यष्टीनं तिला नागपूरला घेऊन गेले. तिथून विदर्भ, मग रेल्वेची नोकरी, मग भारत. हे एका दमात लिहून होतं, जगायला पाच वर्षं लागली. बाकी सगळं बदललं: बूट, बॅट, विमानं, ताटातलं जेवण. पण तोंड जंगलाकडेच राहिलं.

मग एका ऑस्ट्रेलियन गोलंदाज पोरीनं ते ओळखलं. सहा फूट उंच, हसरी, आणि फार हुशार. तिनं छातीच्या उंचीचा, डाव्या बरगडीवर येणारा चेंडू टाकला. असा चेंडू वळून लेगला मारायचा असतो, त्याला पुलचा फटका म्हणतात. दिव्यानी अर्धी वळली, मग बॅट आखडली. झेल गेला. पुढच्या सामन्यात तेच. आठ डावांत सहा वेळा तेच. संघातल्या आकडेवाल्या माणसानं तिच्या अकरा वर्षांच्या धावांचं चित्र काढून पडद्यावर दाखवलं. अर्धाच उघडलेला पंखा असावा, तसं ते दिसत होतं.  

पुढच्या दौऱ्याच्या यादीत तिचं नाव नव्हतं. वय बत्तीस. फेब्रुवारीत वर्ल्ड कप. त्याआधी नागपूरला एक सामना, आणि तो पाहून पंधरा नावं काढणार. सगळ्यांनी सांगितलं, बेंगळुरूला जा, चेंडू फेकणाऱ्या मशीनसमोर उभी राहा. ती गेलीही. मशीनसमोर जाळीत तिनं शंभरातले नव्वद चेंडू लेगला फोडले. दुसऱ्या दिवशी मोकळ्या मैदानावर सरावाचा सामना झाला, आणि सतराव्या चेंडूला बॅट पुन्हा आखडली.

त्या दिवशी तिनं साठ जुने चेंडू एका पोत्यात भरले आणि ती घरी आली.

दिवाळी होऊन आठवडा झाला होता. रंजीता बोडीत होती, डोंग्यात बसून शिंगाडे काढत. आता बोडीचं सगळं तीच पाहायची. सोबत दुसऱ्या डोंग्यात बुधरी होती. जंगलातल्या टोल्यावरून, लहानशा वस्तीवरून, हंगामाला यायची, आणि हातापेक्षा तिचं तोंड जास्त चालायचं.

"आली का व?" रंजीतानं डोंगा न हलवताच विचारलं. "किती दिवस?"

"बारा."

"आन् मंग?"

"मंग नागपूरले मॅच. ते पाहून वर्ल्ड कपची नावं काढतीन."

"तुले तं काढलं होतं ना?"

"काढलं नाई, बाई. आराम दिला."

"हव. मले बी सासरच्यांनी असाच आराम देल्ला होता." रंजीतानं मूठभर शिंगाडे टोपल्यात टाकले. "दहा वर्षं झाली, अजून बलावनं नाई आलं."

बुधरी इतकी हसली, की तिचा डोंगा एका अंगाला कलला.

दिव्यानी पारीवर बसली आणि तिनं सगळं सांगितलं. मशीनचं, जाळीचं, आखडणाऱ्या हाताचं. रंजीता ऐकत होती. शिंगाड्याला दोन शिंगं असतात आणि ती बोटात घुसतात, म्हणून काढताना सगळं लक्ष हातांवर ठेवावं लागतं. तिनं वर पाहिलं नाही, पण शेवटी एवढंच विचारलं:

"जाळीत बोडी कुठी राह्यते?"

"नाई राह्यत."

"मंग जाळीत तं मारशीनच. अशात तं मी बी मारीन."

अकरा वर्षांत चार प्रशिक्षकांना न सापडलेली गोष्ट बाईनं शिंगाडे तोडता तोडता सांगितली. दिव्यानीला ती माहीत होती म्हणूनच ती घरी आली होती. 

दुसऱ्या दिवशी सात वाजता सुरुवात झाली. त्याआधी बाहेर पडू नका, अशी वनखात्याची दवंडी होती. लवकर येणारं हलकं धान कापून झालेल्या बांधीत त्यांनी चटई अंथरली. चेंडू जोरात फेकायला लांब दांड्याच्या चमच्यासारखी एक काठी असते, ती दिव्यानीनं सोबत आणली होती. रंजीतानं ती हातात घेऊन उलटसुलट पाहिली. "हे काय, वरण वाढाचं पळं?" पण तासाभरात ती त्या पळ्यानं असे चेंडू टाकू लागली, की दोन दिव्यानीच्या खांद्याला लागले.

साठ चेंडू. बोडीत एकही गेला नाही.

मारले नाहीत असं नाही. वळून मारले, पण दर वेळी शेवटच्या क्षणी मनगट आपोआप खाली दबायचं आणि चेंडू जमिनीवरून घरंगळत जाऊन पारीच्या गवतात अडकायचा. मुखरू उलट्या घातलेल्या डोंग्यावर बसून पाहत होता. अडुसष्ट वर्षांचा, अंगानं सुकलेल्या मासळीसारखा, डोळे मात्र शाबूत. प्रत्येक चेंडूला तो मान हलवायचा. होकाराची की नकाराची, ते देव जाणे.

"दिव्यानीबाई," बुधरी पाण्यातून ओरडली, "टीवीवर तं लय मारते तू! ते दुसरी कोणी राह्यते का?"

दुसऱ्या दिवशी साठ, तिसऱ्या दिवशी साठ. तीन दिवसांत चार चेंडू पाण्यात पडले. चारही बॅटच्या कडेला लागून, चुकून. त्या प्रत्येक चेंडूनंतर दिव्यानीची जीभ कोरडी पडायची, आणि पाय आपोआप चटईबाहेर चालू लागायचे. आऊट झाल्यासारखे.

तिसऱ्या दिवशी दुपारी अंगणात चुलाणावर मोठ्या गंजात शिंगाडे उकडत होते. संध्याकाळच्या बाजाराचा माल. रंजीता जाळ सारत होती, मुखरू भिंतीला टेकून बसला होता. दिव्यानी खांद्याला बर्फ लावून येरझारा घालत होती. शेवटी ती बापासमोर उभी राहिली.

"बाबा, तुमी नियम मोडा."

"कोनता?"

"तोच. तुमच्या तोंडानं म्हना, का बोडीत गेला तं आऊट नाई. तुमी म्हनल्याबिगर माहा हात सुटत नाई."

मुखरूनं तिच्याकडे पाहिलं, मग गंजाकडे, मग परत तिच्याकडे. "मी कायले असा नियम करू?"

"तुमीच तं केला! वेल तुटते म्हनून."

"वेल तुटला तं परत पान्यात दाबून देल्ला का धरते. शिंगाड्याचा वेल काय काचेचा राह्यते?" म्हातारा आता खरंच बुचकळ्यात पडला होता. "मले तं चेंडू बोडीत आला तं बरंच वाटे. म्हनो, पोरी पोहाले शिकतीन. मंग तुमी येनंच बंद केलं. मी म्हनलो, भेल्या असतीन."

 दिव्यानी सावकाश वळली. रंजीता चुलाणात इतकी वाकली होती, की आणखी थोडी वाकली असती तर पदर पेटला असता.

"बाई?"

"काय व?"

"नियम कोनं केला?"

"जुन्या गोष्टी कोनाले आठवते."

"बाई!"

रंजीतानं लाकूड खाली टाकलं. "मी केला. मंग? सात वर्षांची कार्टी, सकाळी बॅट धरे ते संध्याकाळी बी सोडत नोती. आऊटच नाई होये! मी दिवसभर बोलिंग टाकून टाकून मरो. मले खेळाचं नोतं का?"

"आन् बाबाचं नाव काऊन सांगितलं?"

"माह्या नावानं तू ऐकली असती का?"

 बाईला खेळायचं होतं, ही गोष्ट पंचवीस वर्षांत आपल्या डोक्यात एकदाही आली नाही, हे तिला त्या धुरात, ओला खांदा धरून उभं असताना कळलं.

"मंग भेटली का तुले बॅट?" तिनं विचारलं.

"भेटली ना. दोन दिवस." रंजीतानं नाक पुसलं. "तिसऱ्या दिवसापासून तू तिकडं मारनंच सोडून देल्लं. आऊटच नाई होये मंग बी."

मुखरूला हसू आलं. आधी पोट हललं, मग खोकला आला, मग डोळ्यांतून पाणी. रंजीताही हसली. दिव्यानी मात्र हसली नाही. पेपरात लिहून आलेला संयम, शाळेतलं व्याख्यान, अर्धा उघडलेला पंखा, सगळं एका चौदा वर्षांच्या पोरीच्या चलाखीवर उभं होतं. तिला राग आला होता, आणि तो कोणावर काढावा ते ठरत नव्हतं. ती घरात गेली. बाहेर आली ती पॅड बांधून.

"उठ, बाई. टाक."

"अव, शिंगाडे उतराचे आहेत."

"बाबा उतरवतीन. उठ."

गोष्टीत इथून पुढे चेंडू धडाधड बोडीत पडायला हवेत. पडले नाहीत. डोक्याला कळलं म्हणून हात थोडाच ऐकतो? हाताला पंचवीस वर्षांची सवय, आणि सवयीला कोणी खरं सांगितलं तरी ती म्हणते, बरं, आणि आपलंच करते. त्या दुपारी साठातले दोन गेले. चौथ्या दिवशी सकाळी तीन. दिव्यानीचा डावा खांदा निळा-काळा पडला, दंडावर चेंडूच्या शिवणीचे ठसे उमटले. ती एकाही चेंडूला बाजूला झाली नाही. लागला की म्हणायची, "टाक."

पाचव्या दिवशी विसाव्या चेंडूनंतर रंजीतानं पळं खाली ठेवलं.

"तू चेंडू पाहतच नाईस."

"पाहतो ना."

"नाई पाहत. मी समोर उभी आहो, मले दिसते. चेंडू उसळला का तू वळते, आन् वळताना तुही नजर आधी पारीवर जाते. बाबा बसले का नाई, ते पाहते. मंग चेंडू पाहते. तोपर्यंत तो येऊन जाते."

दिव्यानीनं मागे वळून पाहिलं. पारीवर मुखरू मान हलवत बसला होता.

"बाबा," ती ओरडली, "तुमी घरी जा!"

"मी काऊन जाऊ? माही बोडी, माही पार."

"तुमच्यानं मले मारता येत नाई!"

आता हे ऐकून एखादा बाप रुसून गेला असता. मुखरू उठला, लुंगी वर खोचली, बसायचा डोंगा सुलटा केला, आणि ढकलत ढकलत पाण्यात नेला. वेलांमधून वाट काढत तो बोडीच्या मधोमध गेला आणि बांबू रोवून उभा राहिला. लांब दांड्याची मासळी काढायची जाळी त्यानं हातात धरली होती.

"हं," तो तिथून ओरडला. "आता पाह्याचंच असन तं इथी पाह्य. मार! मी हाओ झेलाले!"

"बाबा, लागन तुमाले!"

"साठ वर्षं पान्यात काढलो, मले चेंडू लागते?"

रंजीतानं पळं उचललं. पहिला चेंडू उसळला. दिव्यानी वळली, नजर सवयीनं पारीवर गेली. पार रिकामी होती. नजरेला थांबायला काही नव्हतं, म्हणून ती परत फिरली आणि चेंडूवर आली. उशीर झालाच होता, पण थोडा. बॅटच्या वरच्या भागाला लागून चेंडू उंच गेला आणि काठापासून चार हातांवर पाण्यात पडला.

"इतक्यानं काय होते?" मुखरू म्हणाला. "मी इथी कायले आलो मंग?"

त्या दिवशी सात गेले. सहाव्या दिवशी बारा. सातव्या दिवशी एक चेंडू मुखरूच्या डोक्यावरून, बुधरीच्या डोंग्यावरून, थेट पलीकडच्या काठावरच्या बेशरमाच्या झुडपात जाऊन पडला. बुधरी दोन्ही हातांनी डोकं झाकून खाली बसली. मग उठून तिनं ज्या शिव्या दिल्या, त्या ऐकून मुखरूनंही जाळी खाली घेतली. दिव्यानीनं चटईवर उभं राहून ते सगळं ऐकलं, आणि पहिल्यांदाच तिची जीभ कोरडी पडली नाही. पायही जागचे हलले नाहीत.

"परत टाक," ती म्हणाली.

बाराव्या दिवशी साठातले एकेचाळीस. बाकीचे एकोणीस का गेले नाहीत, ते तिला एकेक करून सांगता येत होतं. आधी सांगता येत नसे. तिच्या लेखी एवढं पुरेसं होतं. निघताना तिनं चटई गुंडाळायला घेतली, तर रंजीतानं हात धरला.

"राहू दे ना व. मी टाकतो, तू गेल्यावर कोनी ना कोनी." मग जरा थांबून, "नाईतर कोनाले म्हनीन, तू टाक. मी खेळतो."

दिव्यानीनं पोत्यावर ठेवलेली आपली जुनी बॅट उचलून तिच्या हातात दिली.  यष्टी आली होती.

नागपूरला सकाळी मैदानावर दव होतं. निवड समितीच्या तिघी जणी सावलीत बसल्या होत्या. मधल्या बाई स्वतः कधीकाळी भारताच्या कर्णधार होत्या, आणि चेहऱ्यावरून काही कळू द्यायचं नाही हे त्यांना फार छान जमायचं. दिव्यानी फलंदाजीला आली तेव्हा दोन बाद चौदा. चेंडू पुनमच्या हातात. पुनम वीस वर्षांची, यवतमाळकडची, आणि सध्या देशात तिच्याइतका वेग कोणाकडे नव्हता. दिव्यानीच्या धावांचं ते चित्र तिनंही पाहिलं होतं. सगळ्यांनीच पाहिलं होतं.

पहिलाच चेंडू बरगडीवर आला. दिव्यानी वळली, उशीर झाला, आणि चेंडू त्याच निळ्या खांद्यावर बसला. आवाज सावलीपर्यंत गेला असावा.

"ताई, ठीक?" पुनम जवळ आली.

"ठीक. जा, टाक."

पुढच्या षटकात पुन्हा तसाच. या वेळी बॅट पूर्ण फिरली, पण चेंडू कडेला लागून विकेटकीपरच्या डोक्यावरून सीमेपार गेला. चार धावा. कोणी टाळी वाजवली नाही. तशा धावांना वाजवत नसतात. दिव्यानीनं ग्लोव्ह काढून परत घातला. नजर कुठं गेली होती, ते तिनं स्वतःला विचारलं. चेंडूवर होती. मग ठीक. मग फक्त उशीर. उशिराला औषध आहे.

तिसरा तसा चेंडू आला तेव्हा ती लवकर वळली, पुढच्या पायावरचं वजन मागच्यावर घेतलं, आणि मारला. बॅटच्या मधोमध. स्क्वेअर लेगची मुलगी हललीसुद्धा नाही. तिनं नुसतं मागे वळून पाहिलं.

विरोधी कर्णधार हुशार होती. तिनं लगेच दोघींना लेगच्या सीमेवर पाठवलं आणि कव्हर रिकामं केलं. हा सापळा होता, आणि दिव्यानीला तो दिसत होता. दिव्यानी मेश्रामसमोर कव्हर मोकळं सोडायचं म्हणजे उपाशी माणसासमोर ताट वाढून दार लोटून घ्यायचं. पुढचा चेंडू जरा पुढे पडला आणि तिनं तो कव्हरमधून पाठवून दिला. का पाठवू नये? वाढलेल्या ताटावर रुसण्यात काही अर्थ नसतो. दुसराही पाठवला. पस्तीस झाल्या, मग अर्धशतक. सावलीत बसलेल्या दोघी एकमेकींशी काहीतरी बोलल्या. मधल्या बाई बोलल्या नाहीत.

दिव्यानीला कळलं, की हे असंच चाललं तर आपण शतक करू आणि घरी जाऊ. ही बाजू तर त्यांनी अकरा वर्षं पाहिलेली आहे.

पुनम परत गोलंदाजीला आली. लेगच्या सीमेवर दोघी तयार. चेंडू आखूड पडला, बरगडीवर उसळला. पॅव्हेलियनमधून प्रशिक्षक हात खाली दाबून खूण करत होते: खाली ठेव, एक काढ. शहाणपणाची खूण होती ती. दिव्यानीनं ती पाहिली, आणि चेंडू दोघींच्या मधून, दोघींच्या वरून, पत्र्याच्या फलकावर मारला. फलकाचा आवाज बराच वेळ राहिला. पुढच्या षटकात आणखी एक, या वेळी एका टप्प्यात चार.

त्र्याऐंशीवर ती आऊट झाली. पुनमच्याच चेंडूवर, पुलच मारताना. लेगच्या सीमेवर, एक पाऊल आत, सरळ हातात झेल. बॅट अंमळ लवकर फिरली होती. परत येताना ती आपल्याशीच बोलत होती, आणि पाहणाऱ्यांना वाटलं, बिचारी स्वतःला दोष देते आहे. ती मोजत होती: वजन मागे जायच्या आत हात निघाले.

संध्याकाळी सामना संपल्यावर मधल्या बाईंनी तिला बोलावलं.

"अकरा वर्षं हा फटका कुठं ठेवला होतास?"

"आमच्या गावात तिकडे मारलं की आऊट देतात, मॅडम."

"आज तिकडेच मारून आऊट झालीस की."

"हो," दिव्यानी म्हणाली. "पण आज झेल घ्यायला माणूस उभं करावं लागलं त्यांना."

बाईंच्या चेहऱ्यावरून काही कळलं नाही. त्यांनी पाण्याची बाटली उचलली आणि त्या आत गेल्या. तासाभरानं यादी लागली. नावं आडनावांनुसार होती. दहाव्या क्रमांकावर मेश्राम. पुनमचंही नाव होतं. पोरी एकमेकींच्या गळ्यात पडल्या, कोणी रडलं, कोणी पेढे आणायला धावलं. दिव्यानीनं घरी फोन लावला. मुखरूनं उचलला, ऐकलं, आणि म्हणाला, रंजी बाजारात गेली आहे, आली की सांगतो, तुहा खांदा कसा आहे? मग फोन ठेवायचा विसरून तो तसाच शेजाऱ्याला हाका मारत सुटला. तिनं बराच वेळ ऐकलं.

सकाळी सगळ्यांना सुट्टी होती. साडेसातला पुनमच्या खोलीचं दार वाजलं. तिनं डोळे चोळत उघडलं, तर बाहेर दिव्यानी, पॅड बांधून, हातात नवा चेंडू.

"काल बॅट लवकर फिरली. चल."

"ताई, आज तरी? खांदा बघा तुमचा."

"पाहिला. चल. नेट नको, मधल्या खेळपट्टीवर. मोकळ्या मैदानात."

पुनमनं बूट चढवले. मैदानावर अजून कोणी नव्हतं, फक्त माळी पाइप ओढत होता. दिव्यानीनं बॅटच्या टोकानं रेघ मारली आणि ती उभी राहिली. पुनम धावत आली, पण शेवटच्या पावलाला वेग आवरून तिनं चेंडू हळू, पुढे टाकला. दिव्यानीनं तो पायानं अडवला, उचलला आणि तिच्याकडे परत फेकला.

"असा नको. काल ज्याच्यावर आऊट केलंस, तो टाक."

"लागेल, ताई."

"लागू दे. पूर्ण ताकदीनं. मी थांब म्हणेपर्यंत."

पुनम मागे मागे चालत आपल्या खुणेपाशी गेली, वळली, आणि या वेळी तिनं पावलं आवरली नाहीत.